हरवलेल्यांची वही

वाचक माउली, वाखरीच्या तळावर भोंग्यावरची हाक आपण ऐकली असेल : “अमुक गावच्या आजी इथे बसल्या आहेत, त्यांच्या दिंडीवाल्यांनी यावे.” दिंडीप्रमुखाच्या वहीत नाव सापडते आणि माणसाला माणूस भेटतो. ती वहीच कोणी पळवली तर?

तशी वही खरोखर पळवली गेली. युद्धात, आपत्तीत ताटातूट झालेल्यांची, बेपत्तांची, बंदिवानांची माहिती आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समिती संगणकात जपते. जानेवारी २०२२ मध्ये उघडकीस आले की ५,१५,००० हून अधिक जणांची माहिती चोरट्यांच्या हाती लागली आहे. जगातल्या किमान ६० संस्थांनी ती गोळा केली होती. या कामातून रोज सरासरी १२ हरवलेली माणसे घरच्यांना भेटत होती. चोरीनंतर ती यंत्रणा बंद ठेवावी लागली.

कोणी म्हणेल, “महाराज, यात हिंसा कुठे आहे? रक्ताचा थेंब सांडला नाही.” कायिक, वाचिक, मानसिक असे तीन प्रकारचे पाप मी जन्मभर कीर्तनात सांगितले. यंत्रावरचे बोट कोणत्या प्रकारात बसते, याचा विचार मात्र कधी केला नव्हता. आता वाटते, बोटही कायाच आहे. जीव वाचवून पळालेला माणूस भरवशाने नाव सांगतो. तो भरवसा गेला की तो नाव सांगत नाही. आणि नाव नसले की आई लेकराला शोधणार कशी? करणाऱ्याला ती आई दिसली नाही, म्हणून पाप हलके होत नाही. न पाहता केलेला घाव हाही घावच.

मग संगणक टाकून द्यावा का? नाही. ताटातूट मिटते तीही त्याच यादीने. दोष साधनाचा नाही, ते चालवणाऱ्या अंतःकरणाचा आहे.

आणि हे सारे फक्त दूरच्या चोरट्यापुरते नाही. युद्धाच्या दिवसांत पकडलेल्या शत्रुसैनिकाचे चित्र मोबाइलवर येते आणि आपण हसत पुढे पाठवतो. १९४९ च्या जिनिव्हा कराराने युद्धकैद्याला लोकांच्या कुतूहलापासून जपावे असे सांगितले आहे. आपण तर भूतमात्रांत पांडुरंग पाहणारे. त्यालाही घरी वाट पाहणारी आई आहे. बोट उचलण्याआधी तिला एकदा डोळ्यांपुढे आणा, एवढेच मागणे.

रामकृष्णहरी.