अजाण प्रीती आणि सुकणारा गुलमोहर

चांगल्या हेतूने केलेल्या कृत्यापासून दुसऱ्याचा नाश झाला, तर करणाऱ्यास दोष लागतो की नाही? पुष्कळ जण तत्काळ उत्तर देतात की, देव अंतःकरण पाहतो, सबब हेतू शुद्ध असला म्हणजे झाले. हे उत्तर अर्धेच खरे आहे. आणि उरलेले अर्धे समजून घेण्यास आपल्या मंदिराच्या आवारातील एखादे आजारी झाड पुरेसे आहे.

गुलमोहर मूळचा मादागास्कर बेटातला. तथापि आपल्याकडील शाळांच्या व उपासनामंदिरांच्या अंगणांत तो इतका रुळला आहे की, वैशाखातील त्याच्या तांबड्या फुलोऱ्यावाचून आवार ओकेबोके वाटते. असे झाड एखाद्या वर्षी शेंड्याकडून वाळू लागते. मग मंडळीत कोणी म्हणतो, पाणी कमी पडले. कोणी म्हणतो, खत घाला. कोणी म्हणतो, तोडून टाका, फळ तर काही देत नाही. उपाय सर्वच सांगतात, रोग कोणता हे मात्र कोणी विचारीत नाही.

आता झाडाकडे नीट पाहू. कोरड्या मुलखात गुलमोहर उन्हाळ्याच्या तोंडी पाने गाळतो. तो त्याचा स्वभाव आहे, आजार नव्हे. आणि स्वभावालाच रोग मानून औषध करणारे लोक केवळ बागेतच असतात असे नाही. संशय आला तर बारीक फांदीची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवे व ओलसर दिसल्यास फांदी जिवंत आहे. तपकिरी व कोरडे दिसल्यास ती मेली आहे. पाऊस लागून महिना लोटला तरी शेंडे उघडेच राहिले, तर मात्र दुखणे खरे समजावे आणि दृष्टी शेंड्यावरून काढून बुंध्याकडे न्यावी.

निरोगी झाडाचे खोड जमिनीस मिळते तेथे घंटेच्या तोंडाप्रमाणे रुंदावते. ते तारेच्या खांबासारखे सरळ मातीत शिरलेले दिसले, तर कोणीतरी बुंध्यावर माती चढविली आहे हे ओळखावे. बहुधा तेथे पार असतो. मंडळीने वर्गणी काढून दोन हात उंच दगडी पार बांधलेला असतो, आत मुरूम भरून वर सिमेंट केलेले असते, आणि रोज सकाळी बुंध्याशी घागरभर पाणी भक्तिभावाने ओतले जात असते. झाडाची अन्न घेणारी बारीक मुळे बहुतेक वरच्या हातभर मातीतच असतात व सावलीच्याही पलीकडे पसरलेली असतात. त्यांस पाण्याइतकीच हवाही लागते. भरावाने व सिमेंटाने ती हवा तुटते, नित्याच्या पाण्याने मातीतील उरलीसुरली पोकळी भरून जाते, आणि मुळे गुदमरून कुजू लागतात. हे सर्व वर दिसण्यास कित्येक वर्षे लागतात. तोवर पार कोणी बांधला याचे स्मरणही राहत नाही, आणि झाडच दुबळे निघाले असे ठरते. वडास पार सोसतो, मग यास का न सोसावा, असेही कोणी विचारतील. परंतु वड हा वड आहे आणि गुलमोहर हा गुलमोहर. २०१३ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवतालचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा हुकूम केला, तो याच कारणाकरिता.

पार बांधणारे वैरी नव्हते. त्यांनी तो झाडाच्या सन्मानार्थच बांधला. मग दोष कोणाचा? मोशेच्या नियमशास्त्रात नकळत घडलेल्या पापासाठीही अर्पण सांगितले आहे. वधस्तंभावरून प्रभूने ज्यांच्याकरिता क्षमा मागितली, ते आपण काय करीत आहोत हे जाणत नव्हते. अज्ञान हे आपोआप निर्दोष असते, तर त्या प्रार्थनेचे प्रयोजनच उरले नसते. आणि फिलिप्पै येथील मंडळीसाठी पौलाने नुसती प्रीती वाढावी असे मागितले नाही. ज्ञान व विवेक यांसह वाढावी असे मागितले. माझ्या मते, ज्यावर आपण प्रीती करतो त्याचा स्वभाव जाणून घेण्याचा कंटाळा करणे, हेच त्या प्रीतीतील पाप होय.

उपदेशक बंधूंनी हे आपल्या कामास लावून पाहावे. एखादे नवे कुटुंब मंडळीत येते. आपण त्याचे कर्ज कोणाकडून घ्यावे हे ठरवितो, मुलीची सोयरीक ठरवितो, जुन्या भावकीत त्याने जाऊ नये असे सांगतो, आणि रोज त्याच्या दारी जाऊन त्याच्या विश्वासाची चौकशी करतो. चार वर्षांनी ते कुटुंब उपासनेस येईनासे होते. पंचांची सभा भरते व विश्वास सुकला असा शेरा नोंदवहीत पडतो. शेंडा सर्वांनी पाहिला. परंतु ज्या आप्तांच्या मायेवर ते घर जगत होते ती आपणच तर गाडून टाकली नाही ना, हे कोणी पाहिले? लूककृत शुभवर्तमानातील माळ्याने अंजिराच्या झाडासाठी एका वर्षाची मुदत मागितली, तेव्हा आधी भोवती खणण्याचे व मग खताचे नाव काढले. हा क्रम आपण बहुधा उलटा करतो.

आता उपचार. पार फोडावा, भराव हलक्या हाताने खुरप्याने काढावा, मूळ दुखवू नये, आणि खोडाचा रुंद भाग पुन्हा मोकळा करावा. बुंध्याशी रोज पाणी घालणे सोडून, गरज असेल तेव्हाच सावलीच्या कडेने आठपंधरा दिवसांनी भरपूर द्यावे. तेथेच चार बोटे पालापाचोळा पसरावा. मात्र तो खोडास टेकू देऊ नये. मुळे दुखत असता ताकदीचे खत घालू नये. तापाने पडलेल्यास कोणी पुरणपोळी वाढीत नाही. वाळलेली फांदी तिच्या बुडाच्या फुगीर वळीस धक्का न लावता कापावी, आणि त्यावर डांबर फासू नये. अमेरिकेतील वनशास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडे चिरून पाहिली आणि दाखवून दिले की, झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड दुखावलेल्या भागाभोवती आतून भिंत घालते आणि तिच्याबाहेर नवे लाकूड वाढविते. जुना घाव आत तसाच राहतो. परत आलेल्या बंधूने सर्व विसरून जावे असा हट्ट धरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

पहिल्या पावसाळ्यात बहुधा काहीच फरक दिसणार नाही. तेवढ्यावरून दर आठवड्यास मुळे उकरून पाहू नयेत.

बुंध्याशी तांबूस, कठीण, कानासारखी अळंबी उगवली असेल तर गोष्ट निराळी. आतील लाकूड व मुळे कुजली आहेत आणि त्यावर औषध नाही. अशा झाडाखाली शब्बाथशाळेची मुले बसवू नयेत. वादळी पावसापूर्वी ते उतरवावे, खुंट व मुळे शक्य तितकी काढावीत, आणि त्याच खड्ड्यात पुन्हा गुलमोहर लावू नये.