मंचुरियन आपलं, माणूस कुणाचा?

वैरागमध्ये नवीन चायनीज हॉटेल उघडलं की पहिल्या आठवड्यात एकच चौकशी होते: तिखट आहे का? बाकीचं नंतर. येसर आणि काळ्या मसाल्यावर वाढलेल्या बार्शी तालुक्यातल्या जिभेला फिकं दिलं, तर माणूस "पैसे पाण्यात गेले" म्हणूनच उठणार. त्यामुळे इथला शेजवान राइस चांगला घाम फोडतो. बोर्डावर लाल ड्रॅगन आणि मेनूकार्डाच्या शेवटच्या पानावर शेवभाजी, असा सगळा थाट.

पुण्यात शिकून आलेला एखादा तरी टेबलावर असतोच. तो म्हणतो, "हे काही खरं चायनीज नाही." त्याचं बरोबर आहे, पण त्यातून फारसं काही निघत नाही.

कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे आचारी नेल्सन वँग यांनी १९७५च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंचुरियन पहिल्यांदा केलं, असं मानलं जातं. आलं, लसूण, हिरवी मिरची हे आपल्या घरचंच. पुढे गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर. मांचुरिया नावाच्या प्रदेशाला याची खबरही नव्हती. शेजवानचं तेच. सिचुआन प्रांताच्या जेवणाची ओळख म्हणजे जीभ बधिर करणारं मिरीएवढं एक फळ. आपल्या शेजवान चटणीत सहसा ते नसतंच. आणि गंमत बघा, त्या फळाचं सख्खं भावंड कोकणात बांगड्याच्या आमटीत पडतं. तिरफळ! म्हणजे या बाबतीत सिचुआनला मालवण जवळचं, आपला ट्रिपल राइस नाही.

आता ज्या तिखटाच्या जोरावर आपण एवढं बोलतो, ती मिरची तरी कुठे आपली आहे? ती अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून भारतात उतरली. सिचुआनमध्येही ती बाहेरूनच गेली. शिवाय तिखट ही मुळात चवच नाही. भाजल्याची सूचना देणाऱ्या ज्या नसा असतात, त्यांनाच मिरची चेतवते. तर एक परकी जळजळ दोन देशांनी उसनी घेतली, आणि आता 'अस्सल कोणाचं' यावर वैरागमध्ये वाद चाललाय. हा वाद मी केव्हाच सोडून दिला. पदार्थाला मूळगाव विचारायचं म्हटलं, तर ठेचाही ताटातून उठवावा लागेल.

सुटत नाही तो दुसराच प्रश्न. अशा हॉटेलांत कढईवर पुष्कळदा नेपाळचा किंवा ईशान्येकडचा मुलगा असतो. गिऱ्हाईक त्याला "ए चायना, सूप आण" म्हणून हाक मारतं, हे मी कितीदा ऐकलंय. तो हसतो. मालकही हसतो, कारण तो चेहरा धंद्याला बरा असतो. त्याच गिऱ्हाइकाच्या घरी तो मुलगा भाड्याने खोली मागायला गेला तर? नूडल्सला आपण कुळ, गाव, काही विचारलं नाही. ज्या हाताने त्या परतल्या, त्याला सगळं विचारतो, किंवा नावसुद्धा विचारत नाही. दुसरं मला जास्त वाईट वाटतं.

हे नुसतं वाईट वागण्यापुरतं राहत नाही, त्याला इतिहास आहे. 'हक्का नूडल्स'मधला हक्का हा काही मसाला नाही, तो माणसांचा समाज आहे. त्यातले बरेच जण कोलकात्याच्या टांगऱ्यात चामड्याचा धंदा करायचे. १९६२च्या युद्धात चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना आसाम-बंगालकडून उचलून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेलं गेलं. त्यांत म्हातारी माणसं होती, शाळकरी पोरं होती, भारतातच जन्मलेले कितीतरी होते. खटला चालवला नाही. काही जण १९६७पर्यंत आत होते. पुढे अनेकांनी देशच सोडला. म्हणजे माणसं पांगली आणि त्यांचं खाणं मात्र आपल्या गल्लीबोळांत पसरत गेलं.

जून २०२०मध्ये गलवाननंतर केंद्रीय मंत्री रामदास आठवले यांनी चायनीज पदार्थांवर बहिष्कार घाला, असं आवाहन केलं. त्याने बीजिंगचं काय वाकडं होणार होतं? झळ लागली असती ती इथल्याच गाडीवाल्यांना.

यावर कुणी म्हणेल, "अरे, ऐंशी रुपयांची प्लेट खाताना हे सगळं कशाला? देवळीशी माझा काय संबंध?" रास्त आहे. खाण्यात पाप नाही, आणि १९६२चा हिशेब विशीतल्या पोराकडे कोणी मागू नये. पण "ए चायना" ही हाक १९६२ची नाही, कालची आहे.

आणि सोलापूर जिल्ह्याने तरी हे समजून घ्यायला हरकत नाही. १९३८मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. ते तिथली भाषा शिकले, तिथल्याच कुओ छिंगलान यांच्याशी लग्न केलं, आघाडीवर जखमी सैनिकांच्या शस्त्रक्रिया करत राहिले आणि १९४२च्या डिसेंबरात, बत्तीसाव्या वर्षी, तिथेच गेले. तिथे ते के दिहुआ या नावाने ओळखले जात. मुलाचं नाव यिनहुआ: यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. शिच्याच्वांगमध्ये त्यांची समाधी आहे.

कोटणीसांचा अभिमान मलाही आहे. पण त्या गोष्टीत एक अडचण आहे, ती सहसा कोणी बोलत नाही. ते परक्या देशाचे झाले ते जीव देऊन. टांगऱ्यातल्या बाईने कुणासाठी जीव दिला नव्हता. ती चामडं कमावत होती, संध्याकाळी घरच्यांसाठी नूडल्स परतत होती. वैरागचा तो मुलगाही कुणासाठी शहीद होणार नाहीये. रात्री अकराला कढई घासून झाली की तो घरी फोन लावतो.