उतारवयातील योगाभ्यास

अभ्यास म्हणजे आज जे साधले त्याहून उद्या अधिक साधणे, असा अर्थ आपण सर्वसाधारणपणे धरतो. विद्यार्थ्याच्या बाबतीत तो यथार्थ आहे. परंतु सेवानिवृत्तीनंतर जो गृहस्थ पहाटे घरातच सतरंजी पसरून आसने करू लागतो, त्याचा अनुभव निराळा असतो. काही महिने अंग मोकळे होते, झोप सुधारते, उत्साह वाटतो. पुढे एखाद्या वर्षी गुडघा वळेनासा होतो, मान धरते, आणि पूर्वी सहज होणारे आसन प्रयत्न करूनही होत नाही. येथेच पुष्कळजण अभ्यास सोडून देतात, तर काहीजण ईर्षेने तेच आसन करावयास जाऊन दुखापत करून घेतात. दिवसेंदिवस उणावत जाणाऱ्या शक्तीने जे करावयाचे, त्याला अभ्यास म्हणता येईल काय? हा प्रश्न व्यायामाचा कमी आणि मनाचा अधिक आहे.

पतंजलींनी अभ्यास दृढ होण्याच्या ज्या अटी सांगितल्या आहेत, त्यांत प्रगतीचे माप कोठेच नाही. तो दीर्घकाळ करावा, खंड पडू देऊ नये आणि आदराने करावा, एवढेच त्यांचे म्हणणे. आसनही स्थिर व सुखावह असावे, इतकीच त्यांची अपेक्षा. पाय मानेमागे जावा असे त्यांनी म्हटलेले नाही. हठप्रदीपिका तर वृद्ध, अतिवृद्ध, रोगी आणि दुर्बल यांनाही अभ्यासाने सिद्धी मिळते असे स्पष्ट सांगते. तेव्हा वयाची सबब शास्त्राला मान्य नाही, आणि तारुण्यातील चपळाईची अटही शास्त्राने घातलेली नाही.

पतंजलींनी अभ्यासाच्या जोडीला वैराग्य ठेवले आहे. वैराग्य म्हटले की धन, मान, भोग यांचा त्याग आपल्या डोळ्यांसमोर येतो. माझ्या मते उतारवयात त्याची खरी कसोटी लागते ती स्वतःच्या कालच्या सामर्थ्याविषयी. ज्याने वीस वर्षे शीर्षासन केले त्याला वैद्याने ते बंद करावयास सांगितले, तर द्रव्यत्यागापेक्षा हा त्याग त्याला अधिक जड जातो. मनातल्या मनात तो स्वतःला पराभूत समजू लागतो. वस्तुतः आसन सुटले म्हणून योग सुटत नाही. आसनाचा अभिमान मात्र सुटण्याची ती संधी असते.

पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते, आणि बहुधा चुकीच्या अर्थाने दिले जाते. ते १९३७ साली पुण्यास आले आणि २०१४ साली वयाच्या ९५ व्या वर्षी तेथेच निवर्तले. नव्वदीतही ते शीर्षासन करीत, हे लोक कौतुकाने सांगतात. परंतु १९७९ साली स्कूटरच्या अपघातांमुळे त्यांच्या शरीराला मोठी इजा झाली आणि जगप्रसिद्ध झालेल्या या गुरूला वयाच्या साठीनंतर अभ्यास जवळजवळ नव्याने उभारावा लागला, हे फारसे कोणी सांगत नाही. खुर्ची, दोर, लाकडी विटा, लोड, भिंत यांचा आधार त्यांनी विद्यार्थ्यांना दिला, तसा स्वतःही घेतला. आधार घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. मग आपणांस भिंतीला हात लावण्याची लाज का वाटावी?

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि यौगिक क्रियांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत तपासण्यास आरंभ केला. योग म्हणजे स्नायूंची झटापट नव्हे, हे त्यांच्या शिकवणीचे एक मुख्य सूत्र होते. १९२७ साली प्रकृती ढासळल्यावर गांधीजींनी त्यांचे मार्गदर्शन घेतले, तेव्हा गांधीजींचे वय सत्तावन्न होते. आपल्या बालाघाटकरांस अधिक जवळचे नाव जनार्दन स्वामींचे. १९५६ पर्यंत आपल्या राज्याची राजधानी नागपूरच होती, आणि नातीगोती तर आजही तिकडचीच. त्या नागपुरात स्वामींनी पन्नाशीच्या दशकापासून सामान्य गृहस्थांना विनामूल्य योग शिकविला. संसारी माणसाने घरी राहून रोज थोडे करावे, ही दृष्टी विदर्भात आणि आपल्याकडे रुजण्यास त्यांचे कार्य पुष्कळ कारण झाले.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. देह नश्वर आहे असे आपण कीर्तनात ऐकतो, आणि उतारवयात त्याच देहाची रोज तासभर जोपासना करतो. ही देहासक्ती नव्हे काय? काही अंशी ती असूही शकते. केस काळे राहावेत, मरण टळावे, शेजाऱ्याहून आपण ताठ दिसावे, या हेतूने जो बसतो त्याचा योग आरशासमोरचाच होय. ‘मुलांवर भार पडू नये म्हणून करतो’ असे दुसरे कोणी म्हणतात. हा हेतू चांगला आहे, परंतु त्यातही एक सूक्ष्म अहंकार दडलेला असतो. नित्यनेमाने प्राणायाम करणाऱ्यालाही पक्षाघात होतो, आणि मग आपलीच माणसे म्हणतात, ‘एवढा योग करून काय मिळाले?’ हे बोलणे क्रूर आहे. योग म्हणजे विम्याचा हप्ता नव्हे, आणि आजारी पडलेला मनुष्य कोणत्याही परीक्षेत नापास झालेला नसतो. सेवा घेण्याची वेळ आली तर ती मुलांकडून संकोच न करता घेता यावी, इतके मन सैल झाले असेल तर त्याची साधना व्यर्थ गेली असे मी म्हणणार नाही.

घरातील अभ्यासाला घराचे भानही हवे. आजोबांच्या ध्यानासाठी सर्व घराने पाच वाजता श्वास रोखून बसावे आणि सुनेने भांड्यांचा आवाज करू नये, अशी शिस्त काही घरांतून दिसते. ज्याची शांती कपबशीच्या आवाजाने भंगते, त्याने आपली वेळ बदलावी. याउलट आजीला मात्र स्वतःची सतरंजी पसरावयास कोपरा नसतो. जन्मभर वाकून केर काढला, तेव्हा तिला आसनांची गरज काय, असे समजणे मोठी गैरसमजूत होय. तो तिच्या वाट्याला आलेला श्रम होता. स्वतःसाठी घेतलेली वीस मिनिटे ती निराळीच.

व्यवहाराविषयी थोडे. रक्तदाब, काचबिंदू किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी डोके खाली व पाय वर अशी आसने आणि श्वास कोंडणे टाळावे. हाडे ठिसूळ झाली असतील तर कमरेतून पुढे जोराने वाकू नये. जे नवे करावयाचे ते वैद्यास विचारून. एका पायावर उभे राहताना भिंत हाताशी असावी, कारण या वयात पडणे हेच मोठे संकट असते. जमिनीवर बसता येत नसेल तर खुर्चीवर बसून करावे. त्याने पुण्य उणे होत नाही. पौष-माघात वैनगंगेकाठची थंडी हाडांत शिरते, तेव्हा ब्राह्ममुहूर्ताचा हट्ट न धरता अंगणात ऊन येईपर्यंत थांबावे. शेवटी शवासनातून उठताना एकदम उठू नये. प्रथम कुशीवर वळावे, थोडे थांबावे, मग हाताच्या आधाराने सावकाश उठून बसावे. आणि नातू शेजारी लोळत आला असेल तर त्यालाही तेथेच पडू द्यावे.