दुरुस्तीला नाही कोण म्हणतं?

माळशिरस तालुक्यात विहिरीतली मोटार जळाली तर कुणी लगेच नवी आणायला धावत नाही. ती वर काढायची, ट्रॅक्टरवर टाकायची आणि अकलूजला किंवा नातेपुत्याला रिवायंडिंगवाल्याकडे न्यायची. तांब्याची तार नव्याने भरली, बेअरिंग बदललं की तीच मोटार पुन्हा पाण्यात. नीरा उजव्या कालव्याच्या भरवशावर ऊस काढणाऱ्या माणसाला यात विचार करण्यासारखं काही वाटत नाही. त्याच माणसाचा फोन चार वर्षांचा झाला की मात्र घरातलं पोरगं म्हणतं, "आण्णा, आता द्या टाकून."

फोनला आता चैन म्हणण्यात अर्थ नाही. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतःच्या रानात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, मग नोंद सातबाऱ्यावर. ओटीपी फोनवर, केवायसी फोनवर, दुधाचे पैसे आल्याचा मेसेज फोनवर. म्हणजे अवजारच. मग अवजाराचा नियम याला का लागत नाही?

पहिलं कारण कुठल्याही रिपेअरिंगच्या दुकानात उभं राहिलं की दिसतं. कारागीर फोनची पाठ गरम हवेने तापवतो, पातळ प्लास्टिकची पट्टी कडेने सरकवतो, गोंदाचे धागे ताणले जातात आणि मग कुठे झाकण सुटतं. आत बॅटरीही चिकटवलेलीच. बीएल-५सी बॅटरीच्या नोकियाचं झाकण नखाने निघायचं आणि ती बॅटरी कुठल्याही दुकानात मिळायची. गोंदामुळे फोन सडपातळ झाला, पाण्याला थोडा टिकू लागला, हे खरं. पण उघडायची सोय गेली ती गेलीच.

तरीही बहुतेक 'म्हाताऱ्या' फोनचं दुखणं बॅटरीचंच असतं. अनेक फोनची लिथियम बॅटरी साधारण 500 वेळा पूर्ण चार्ज झाली की मूळ क्षमतेच्या 80 टक्क्यांच्या आसपास येते. उष्णतेने ती आणखी लवकर थकते, आणि सोलापूरचा मे महिना, त्यात मोटारसायकलच्या हँडलला उन्हात लावलेला फोन! डिसेंबर 2017 मध्ये ॲपलने कबूल केलं की थकलेल्या बॅटरीचे जुने आयफोन ते सॉफ्टवेअरमधून मंद करत होते. फोन अचानक बंद पडू नये म्हणून, असं त्यांचं म्हणणं. बॅटरी बदलल्यावर तेच फोन पुन्हा पळू लागले. तोवर किती जणांनी नवा घेतला असेल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

माझं मत सरळ आहे. बॅटरी आणि चार्जिंगची पट्टी डोळे झाकून बदलावी. बॅटरी फुगली असेल तर एक दिवसही थांबू नये. स्क्रीन फुटली तर 'कॉम्बो'चा, म्हणजे डिस्प्ले आणि टच मिळून, भाव विचारावा, ओरिजिनल की कॉपी तेही विचारावं, आणि तसाच फोन सेकंडहँड कितीला मिळतो त्याच्या निम्म्यापर्यंतच खर्च जात असेल तर स्क्रीन बदलावी. पाणी जाऊन बोर्ड गेला असेल तर नाद सोडावा.

दुसरं कारण मात्र कुठल्याच कारागिराच्या हातात नाही. कंपनीने सुरक्षा अपडेट थांबवले की धडधाकट फोनही आतून उघडा पडतो. पुढे ॲपही साथ सोडतात. 24 ऑक्टोबर 2023 पासून व्हॉट्सॲपने अँड्रॉइड 5.0 च्या खालचे फोन सोडून दिले. गूगलने 2023 च्या पिक्सेल 8 ला आणि सॅमसंगने 2024 च्या एस 24 ला सात वर्षांचे अपडेट जाहीर केले. ते महागडे फोन. आठ-दहा हजारांच्या बहुतेक फोनना यापेक्षा कमी वर्षं मिळतात. म्हणजे ज्याला फोन जास्त वर्षं वापरायची गरज, त्याच्याच फोनचं आयुष्य आखूड. मला चीड येते ती याची. रिवायंडिंगवाल्याला कुणी कधी सांगितलं नाही, की या मोटारीची मुदत संपली, आता तार भरू नकोस.

युरोपीय संघाने 20 जून 2025 पासून नियमच केला: मॉडेलची विक्री थांबल्यावरही पाच वर्षं अपडेट, सात वर्षं सुटे भाग. आपल्याकडे डिसेंबर 2022 मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, तिथे कंपन्यांची सर्व्हिस सेंटरं आणि सुट्या भागांची माहिती मिळते. माहिती मिळते, सक्ती नाही. आणि सक्तीशिवाय स्वस्त फोनला सुटा भाग दहा वर्षं कोण ठेवील?

तेव्हा दिवाळीच्या ऑफरमध्ये फोन घ्यायला निघाला असाल तर आधी जुन्याच्या सेटिंगमध्ये जाऊन सुरक्षा अपडेटची तारीख बघा. ती ताजी असेल तर बॅटरी बदला आणि घरी या. फार जुनी असेल तर बँक आणि यूपीआय त्यावरून काढा, फोन पोरांच्या गाण्यांना ठेवा. आणि नवा घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे विचारण्याआधी काउंटरवरच्या पोराला विचारा, याला अपडेट कोणत्या सालापर्यंत? त्याला सांगता आलं नाही तर दुसऱ्या दुकानात जा.