पगार, पत्ता आणि समाधान

२०१० साली डॅनियल कानमन आणि अँगस डीटन या दोन अभ्यासकांनी सुखाला एक आकडा चिकटवला : वर्षाला ७५ हजार डॉलर. गॅलप या सर्वेक्षण संस्थेने अमेरिकेत गोळा केलेल्या साडेचार लाख उत्तरांवरून त्यांचा निष्कर्ष असा, की तिथवर कमाईबरोबर माणसाचे दिवस बरे जातात. त्यापुढे पैसा वाढला तरी रोजच्या हसण्या-चिडण्यात फरक पडत नाही. आकडा जगभर गाजला. सिएटलमधल्या एका कंपनीच्या मालकाने २०१५ मध्ये या संशोधनाचा दाखला देत सगळ्यांचा किमान पगार ७० हजार डॉलरवर नेण्याची घोषणा केली. (वरचे पाच हजार का कापले, ते त्यालाच ठाऊक.)

कानमन-डीटन यांच्या त्याच संशोधनातली दुसरी अर्धी गोष्ट मात्र मागे पडली. एकूण आयुष्य कसं चाललंय, असं विचारलं की लोकांचं उत्तर ७५ हजारांनंतरही कमाईबरोबर चढतच होतं. पुढे मॅथ्यू किलिंग्जवर्थ या संशोधकाने लोकांना मोबाइलवर अधूनमधून ‘आत्ता कसं वाटतंय?’ असं विचारलं आणि २०२१ मध्ये सांगितलं, की रोजचा आनंदही कुठे थांबत नाही. कानमन तोवर नोबेल मिळवून बसले होते. तरीही त्यांनी बार्बरा मेलर्स यांना मध्यस्थ म्हणून घेतलं आणि किलिंग्जवर्थबरोबर आकडे पुन्हा चाळले. २०२३ चा निकाल : बहुतेकांचं सुख कमाईबरोबर वाढत राहतं, सगळ्यांत दुःखी अशा पंधरा-वीस टक्क्यांचं मात्र एक लाख डॉलरच्या आसपास अडतं.

थोडक्यात, पैशाने सुख वाढतं. हे कबूल करायला मराठी मध्यमवर्ग उगाच लाजतो. अल्पसंतुष्टतेची प्रवचनं आपल्याकडे बहुधा पोट भरलेलेच देतात.

पण वर्षाच्या कमाईचा आकडा बरंच काही झाकून ठेवतो. पैसा कधी येतो, हे त्यात दिसत नाही. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांचा एक अभ्यास २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. माणसं तीच, शेत तेच; फक्त एकदा तोडणीआधी आणि एकदा ऊसबिल हाती पडल्यावर त्यांना बुद्धीच्या साध्या चाचण्या दिल्या. तोडणीआधी हेच शेतकरी जास्त चुकले, उत्तरांना वेळही जास्त लागला. कारण शोधायला लांब जायला नको. तोडणीआधी शंभरातल्या ७८ जणांनी काही ना काही गहाण टाकलेलं होतं, नंतर चौघांनी. कोल्हापूर-सांगलीकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ऊस कारखान्याला दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, आणि थकलेल्या बिलासाठी आंदोलनंही तिथेच होतात. शेवटी हाती येणारी रक्कम तेवढीच असते. मधल्या काळात सोसायटीचं व्याज, मुलाची फी आणि दुकानदाराची उधारी थांबत नाही.

महागाईचंही तसंच. सरकारी निर्देशांकात ती एक टक्केवारी असते. शहरात भाड्याने राहणाऱ्यांच्या घरी ती अकरा महिन्यांच्या कराराच्या रूपाने येते. करार संपत आला की मालकाचा फोन येतो : ‘दहा टक्के वाढवून द्या, नाहीतर बघा दुसरीकडे.’ मग एजंटाचं कमिशन, टेम्पो, नव्या घराचं डिपॉझिट. आणि जुन्या डिपॉझिटातून रंगकामाचे पैसे कापले गेलेले. पगार वाढलेला असतो, पण घरातलं कुणी खूश दिसत नाही. मुलीची शाळा आता दोन बस पलीकडे गेलेली असते.

मग घर स्वस्तात मिळालं तर? याचं उत्तर अहमदाबादेत मिळतं, आणि ते चटकन पटणारं नाही. १९८७ मध्ये तिथे विडी वळणाऱ्या बायकांसाठी शहराबाहेरच्या घरांची सोडत निघाली. ४९७ जणींमधून ११० जणींचा नंबर लागला. नशिबाने झालेली निवड, त्यामुळे तुलना चोख. शॅरन बार्नहार्ट, एरिका फील्ड आणि रोहिणी पांडे यांनी बऱ्याच वर्षांनी, २००७ मध्ये, जिंकलेल्या आणि हरलेल्या अशा दोन्ही गटांतल्या बायकांची घरं गाठली. जिंकलेल्यांचं घर नक्कीच चांगलं होतं. पण कुटुंबाची कमाई वाढलेली नव्हती, मुलांचं शिक्षण पुढे सरकलेलं नव्हतं. ३४ टक्के तर तिथे राहायलाच गेल्या नव्हत्या. आणखी ३२ टक्के जाऊन काही काळाने बाहेर पडल्या होत्या. नवी वसाहत जुन्या वस्तीपासून १२ किलोमीटरवर. राहिल्या त्यांचा नातेवाइकांशी, जातभाईंशी संपर्क तुटत गेला. अडीनडीला हातउसने मागायला शेजारी कुणी उरलं नाही.

१२ किलोमीटरवर हे होतं, तर मुंबईच्या गिरणी कामगारांचं काय व्हावं? १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले, आणि कामगारांपैकी अनेकांना द्यायची घरं निघाली शेलू-वांगणीला, बदलापूरच्याही पलीकडे. जुलै २०२५ मध्ये कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानात उतरले. मागणी होती घर मुंबईतच मिळावं आणि शेलू-वांगणीचा निर्णय रद्द व्हावा, अशी. हक्काचं स्वस्त घर नाकारणारी माणसं कागदावर हट्टी दिसतात. अहमदाबादच्या त्या बायकांनाही घर मिळालं होतंच. दोन तृतीयांश जणी तिथे एकतर गेल्याच नाहीत, नाहीतर टिकल्या नाहीत.