अंत्यविधीची तयारी

शास्त्रपाठ : उत्पत्ति २३; प्रेषितांचीं कृत्यें ९ : ३६–४२



घरांत मृत्यु आला म्हणजे विचार करावयास वेळ राहत नाहीं. एकीकडे रडणें, दुसरीकडे पेटी करणारा सुतार, कबर खणणारे, सोयऱ्यांना द्यावयाचे निरोप. अशा घाईंत ज्याचा आवाज मोठा त्याचें चालतें. म्हणून ह्या गोष्टी घरांत शांति असतांनाच बोलून ठेवाव्या असें आम्हांस वाटतें. मरणाचें नांव काढल्यानें मरण येतें, ही समजूत ख्रिस्तशिष्यांची नव्हे.

अब्राहामाकडे पाहा. सारा मरण पावली तेव्हां तो तिच्यासाठीं रडला. मग मृताजवळून उठून हेथी लोकांशीं जागेविषयीं बोलूं लागला. एफ्रोन शेत फुकट देत असतांही त्यानें चारशें शेकेल रुपें तोलून दिलें. विश्वासणाऱ्यानें रडावें, लाजराच्या कबरेकडे जातांना आपला प्रभुही रडला. परंतु मग उठावें, आणि जें करावयाचें तें आपल्या ऐपतीप्रमाणें करावें. अब्राहामाजवळ रुपें होतें, म्हणून त्यानें दिलें. ज्याजवळ नाहीं त्यानें सावकाराचें दार ठोठावूं नये. भारी पेटी आणि जेवणावळ ह्यांवांचून कोणाचें पुनरुत्थान अडत नाहीं. त्यांच्या कर्जापायीं विधवेचें शेत मात्र गहाण पडतें. कॅल्व्हिन १५६४ सालीं जिनीव्हा येथें मरण पावला. त्याच्याच इच्छेवरून त्याच्या कबरेवर नांवाचा दगडही बसविला नाहीं. आणि स्तेफनाला जसें भक्तिमान मनुष्यांनीं पुरलें, तसें गरिबाच्या घरीं मंडळीनेंच लाकूड आणि हात दोन्हीं पुरवावीं.

उपासनेचा क्रम साधा असावा. घरीं प्रार्थना; मंदिरांत किंवा अंगणांत गीत, शास्त्रपाठ व लहानसा उपदेश; कबरेजवळ माती देणें, प्रार्थना आणि आशीर्वाद. पाठासाठीं स्तोत्र ९०, योहान ११ अथवा १ करिंथ १५ घ्यावें. लूथरानें १५४२ सालीं अंत्यविधीच्या गीतांचें पुस्तक काढलें, तें विलाप वाढविण्यासाठीं नव्हे, तर पुनरुत्थानाची आशा गावयास मिळावी म्हणून. गीत मृतास आवडत असे तेंच निवडावें. तें घरच्यांनाही पाठ असतें, आणि कंठ दाटला तरी शेजारी पुढें चालवितात.

मृताविषयीं काय बोलावें? यापो येथें टबीथा मरण पावली, तेव्हां विधवांनीं पेत्राला तिनें शिवलेले अंगरखे रडत रडत दाखविले. तसेंच आपणही करावें. ज्यानें दुष्काळांत धान्य वाटून घेतलें, जिनें शेजारणीचें पोर दूध पाजून वांचविलें, तें सांगावें. जें नव्हतें तें सांगूं नये. खोट्या स्तुतीनें मृताचें कांहीं वाढत नाहीं, आणि ज्यांना खरें ठाऊक आहे त्यांचा मात्र उपदेशावरील विश्वास उडतो.

तर आज सायंप्रार्थनेनंतर घरांतील वडील माणसांजवळ बसा. कोणतें स्तोत्र, कोणतें गीत, किती खर्च, हें त्यांच्याच तोंडून ऐकून एका कागदावर लिहा, तो पवित्र शास्त्रांत ठेवा, आणि आपल्या पाळकांस कळवा. मग तो दिवस येईल तेव्हां वाद घालावयास कोणी उरणार नाहीं. आपणांस मोकळेपणें रडतां येईल, आणि आशाही धरतां येईल.

कबरेवर जय मिळविणारा प्रभु आपणां सर्वांस असें जगावयास व असें निरोप द्यावयास सामर्थ्य देवो. आमेन.