विटाळ घरट्याचा

पक्षी सप्ताहातले ते फोटो तुम्हीही पाहिले असतीलच. मागे फ्लेक्स, पुढे माणसांची रांग आणि प्रत्येकाच्या हातात चिमणीचं नवं कोरं लाकडी घर. फ्लेक्सशी माझं जुनं वैर आहे, ते बाजूला ठेवतो. राग आला तो त्या भिंतीकडे पाहून. फ्लेक्सच्या वरच, छपराखाली मार्चमध्ये वाटलेलं खोकं लटकत होतं. फळी पावसाने फुगलेली, भोकातून काळं पडलेलं गवत बाहेर आलेलं. पाहुण्यांपैकी कुणी मान वर केली नाही.

चिमणीचे आपल्याकडे दोन सण. एक २० मार्चचा जागतिक चिमणी दिन, नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून जगभर सुरू झालेला. दुसरा ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह, अरण्यलेखक मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. दोन्ही सणांना खोकी वाटतात. खोकी उतरवून साफ करण्याचा सण अजून कुणाला सुचलेला नाही.

खोकी साफ का करत नाही, असं ओळखीपाळखीत विचारून पाहिलं. वेळ नाही, शिडी नाही, ते वनखात्याचं काम. ही उत्तरं सोडून देण्यासारखीच होती. पण एक उत्तर निवृत्त गुरुजींपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळ्यांनी दिलं आणि मान हलवत, हळव्या आवाजात दिलं: ‘‘माणसाचा हात लागला की चिमणी घरटं टाकून देते हो.’’

काय ही माया! जिच्या वळचणी आपण बुजवल्या, जिची माळवदं पाडून स्लॅब टाकले, तिच्यासाठी आता आपण सोवळं नेसून उभे. मग हे खोकं बनवलं कुणी? सुताराने फळ्या कापल्या, खिळे ठोकले, कुणी रंग दिला, कुणी गाडीत घातलं, पाहुण्यांनी फोटोपुरतं छातीशी धरलं, घरच्यांनी नायलॉनच्या दोरीने टांगलं. इतके हात लागले तेव्हा चिमणी बाटली नाही. हार घातलेला हात तिला चालतो, ब्रश धरलेला तेवढा चालत नाही! हा नियम चिमणीचा नाही. तो आपल्या गावाचा आहे आणि आपल्याला चांगला पाठ आहे: देणारा हात पवित्र, झाडणारा हात विटाळाचा. आपण तो फक्त पाखराच्या तोंडी घातला.

शिवाय साफ करायचं तेव्हा पिल्लं उडून गेलेली असतात. रिकामं घरटं टाकणार कोण?

चिमणी वासावर नव्हे, मुख्यतः डोळ्यांवर आणि कानांवर जगते. सालिम अलींनी आपल्या आत्मचरित्रात लहानपणीची एक गोष्ट सांगितली आहे. तबेल्याच्या भिंतीतल्या भोकात चिमणी अंड्यांवर बसलेली आणि बाहेर नर पहाऱ्याला. पोरवयातल्या सालिमने एअरगनने तो नर मारला. थोड्याच वेळात दुसरा नर हजर. सात दिवसांत आठ नर पडले, पण मादीने घरटं सोडलं नाही. प्रकार वाईटच, पण बंदुकीने न हटलेली चिमणी तुमच्या दात घासायच्या जुन्या ब्रशने हटेल, हे मला पटवून द्या.

आपल्या आज्यांना हे सगळं पुस्तक न वाचताच ठाऊक होतं. आमच्या परभणीत, जिंतूर-गंगाखेडकडच्या मातीच्या घरांत फोटोच्या मागे, देवळीत चिमण्या असायच्याच. दिवाळीच्या सारवणात पिल्लं असली तर तेवढी भिंत सोडायच्या, नसली तर काड्या झाडून टाकायच्या. चिमणी पुन्हा काड्या घेऊन यायची. दोघींचं भांडण नव्हतं.

जुन्या घरट्यात असतं काय, तेही सांगतो. रक्त पिणाऱ्या बारीक गोचिड्या, विष्ठा, न फुटलेलं अंडं, कधी मेलेलं पिल्लू. वर्षावर वर्ष काड्यांचा थर चढला की घरटं भोकाशी येतं आणि मांजरीचा पंजा आरामात आत पोचतो. म्हणजे न झाडलेलं खोकं आसरा राहत नाही, सापळा होतो.

काम अर्ध्या तासाचं. आधी दोन-चार दिवस लांबून नजर ठेवा. आपल्या हवेत चिमणीची वीण लांबते, कधी अवेळीही होते. ती काडी किंवा अळी घेऊन आत जाताना दिसली, तर हात लावू नका. ये-जा नसेल तर खोकं उतरवा, तोंडाला फडकं बांधा, सगळं काढून टाका, उकळतं पाणी ओता, खरवडा, उन्हात कडकडीत वाळवा. फिनेल नको, कीटकनाशकाची पावडर तर नकोच. परभणीची थंडी तुम्हाला ठाऊक आहेच. चिमण्या रात्री निजायलाही अशा खोक्यात शिरतात, म्हणून वाळलं की परत टांगा. तारेने टांगा. नायलॉनचे धागे पिल्लांच्या पायात अडकतात, आणि नायलॉनवर माझा फ्लेक्सइतकाच राग आहे.

आता काहीजण म्हणतील, आमचं खोकं उघडतच नाही. खरं आहे. वाटलेली कितीतरी खोकी चारही बाजूंनी खिळ्यांनी बंद असतात. बनवणाऱ्याच्या डोक्यात २० मार्च होता, २१ मार्च नव्हता. पाणपोयांचं वेगळं काय होतं? उद्घाटनाला नारळ फुटतो, मे महिन्यात रांजण कोरडा. आपलं पुण्य देण्याच्या क्षणाला सुरू होतं आणि त्याच क्षणाला संपतं. खरं तर आसरा दिला की मागची जबाबदारी सुरू होते. घरमालकाची, यजमानाची, म्हणाल ती.

संस्थांना एवढंच सांगणं: उघडणाऱ्या तळाचंच खोकं वाटा आणि नवं देण्याआधी मागचं धुतलं का ते विचारा. ज्याला जमणार नाही त्याने खोकं उतरवून बंबात घालावं, पाणी तरी तापेल. चिमणीचं अडणार नाही. दुकानाच्या शटरवर, मीटरच्या पेटीमागे ती आजही पिल्लं काढते, आणि तिथे तिला कुणाचे उपकार लागत नाहीत.